आधी कोपरा, मग झाड

नर्सरीतून आणलेलं झाड घरात पहिले तीन आठवडे टवटवीत राहतं, कारण ते नर्सरीच्या शिदोरीवर जगत असतं. तिथल्या हिरव्या जाळीखाली मिळालेल्या भरपूर उजेडात त्याने पानांत, खोडात, मुळांत अन्न साठवलेलं असतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ही शिदोरी संपत येते आणि खालचं एक पान पिवळं पडतं. आपल्याला वाटतं, तहान लागली असेल, म्हणून पाणी वाढवतो. उजेड कमी असल्याने झाड आधीच कमी पाणी ओढत असतं, त्यात माती सतत ओली राहायला लागते. मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं मलूल होतात आणि मलूल पानं पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो. महिन्याभरात झाड जातं आणि घरात वाक्य ठरून जातं : ‘आपल्या हाताला झाड जगत नाही.’

हाताचा दोष त्यात फार थोडा असतो. झाड आधी घेतलं आणि जागा नंतर शोधली, इथे सगळं चुकतं. सोफ्याशेजारचा कोपरा रिकामा दिसतो, नर्सरीत भरगच्च अरेका पाम दिसतो, दोघांची गाठ घालून दिली जाते. खरं तर कोपऱ्यात किती उजेड आहे आणि घरात पाणी कोण, कसं घालतं, या दोन गोष्टी आधी पाहायच्या. त्या दोन्हींशी जे जुळेल, ते त्या घरापुरतं सोपं झाड.

उजेड डोळ्यांनी मोजता येत नाही. आपल्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात मोठ्या होतात, त्यामुळे खिडकीपासून बारा फुटांवरचा कोपराही आपल्याला पुरेसा उजळ वाटतो. झाडाला तिथे खिडकीजवळच्या उजेडाचा अगदी थोडा हिस्सा मिळतो. शिवाय फ्लॅटच्या खिडकीला बाहेर ग्रिल, आत सरकती काच, तिला डासांची जाळी आणि वर पडदा. प्रत्येक थर आपला वाटा कापून घेतो. धुळीने भरलेली डासांची जाळी तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त उजेड अडवते. ती काढून धुतली, की त्याच खिडकीत मनीप्लांटची पानं मोठी यायला लागतात.

मोजायची साधी रीत अशी. सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या एक फूट वर हात धरा. बोटांच्या कडा स्वच्छ दिसतील अशी ठसठशीत सावली पडली, तर उजेड भरपूर. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. नुसता धुरकट डाग दिसला, तर कमी. आणि डागही दिसला नाही, तर तिथे झाड ठेवू नये, कोणतंच. तो कोपरा मनातून जातच नसेल, तर 9 ते 12 वॉटचा पांढरा एलईडी दिवा पानांपासून फूट-दीड फुटावर लावून रोज दहा-बारा तास चालू ठेवावा. त्यावर झेडझेड प्लांट किंवा हिरवं अग्लोनेमा नीट जगतं.

खिडकीची दिशा पाहताना नाशिकचं सूर्याशी असलेलं नातंही लक्षात घ्यावं. आपण नाशिककर साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही’ हे वाक्य इथे वर्षभर खरं नसतं. मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिथे तिरकं ऊन शिरतं. दक्षिणेच्या खिडकीचं उलट : उन्हाळ्यात ती जवळजवळ सावलीत असते आणि डिसेंबरात ऊन थेट खोलीत आतपर्यंत येतं, कारण तेव्हा दुपारचा सूर्य 46-47 अंशांपेक्षा वर चढतच नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यांत गुणी. सकाळचं कोवळं ऊन जवळपास प्रत्येक घरझाडाला मानवतं. पश्चिमेची मात्र मार्च ते मे सांभाळावी लागते. तापलेल्या काचेमागे पानांवर कागदासारखे पांढुरके-तपकिरी चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. त्या तीन महिन्यांत कुंडी तीन-चार फूट आत ओढायची किंवा झिरझिरीत पडदा लावायचा, एवढंच.

आता पाणी घालणारा हात. आपल्याकडे अनेक घरांत आंघोळीनंतर तुळशीला पाणी घातलं जातं आणि तांब्यात उरलेलं दोन घोट पाणी सहज शेजारच्या कुंडीत रिकामं होतं. इतकी प्रेमाने केलेली गोष्ट, पण घरातली स्नेक प्लांट आणि झेडझेड जाण्याचं कारण बरेचदा हेच असतं. रोजच्या दोन घोटांनी वरची माती कायम ओलसर राहते, खाली हवा जात नाही. ज्या घरात रोज पाणी घालण्याची सवय आहे आणि ती मोडायची नाही, त्या घराने ती सवय सोसणारी झाडं घ्यावीत : मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली. तीही मातीच्या कुंडीत, कारण मातीची कुंडी अंगातून पाणी बाहेर सोडते. ज्या घरात आठ-आठ दिवस कुंडीकडे कुणी बघत नाही, तिथे स्नेक प्लांट आणि झेडझेड खुशाल ठेवावीत. विसरणं त्यांना मानवतं.

पाण्याची वेळ वारावरून ठरवू नये. खराट्याचा एक हीर घ्या, कुंडीच्या कडेशी तळापर्यंत खुपसा, मिनिटभर थांबा आणि बाहेर काढा. त्याला ओली माती कुठवर चिकटली आहे ते पाहा. मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट यांना मातीत गेलेल्या हिराचा वरचा दोन इंच भाग कोरडा निघाला की पाणी. स्नेक आणि झेडझेडला मात्र पूर्ण हीर कोरडा निघेपर्यंत थांबायचं. कुंडी उचलून वजनावरूनही कळतं. पाणी दिल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा उचलून पाहिली, की हाताला ते वजन पाठ होतं. द्यायचं तेव्हा पोटभर द्यायचं. आठ इंची कुंडीला साधारण पाऊण लिटर, तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत, आणि खालच्या ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं. घोट-घोट पाण्याने क्षार मातीतच साठत जातात, भरपूर पाण्याने ते धुऊन निघतात.

झेडझेड जवळून पाहण्यासारखं झाड आहे. पूर्व आफ्रिकेतलं. तिथे एकदा पाऊस पडतो आणि मग महिनोन् महिने पडत नाही. 1990 च्या दशकात डच नर्सऱ्यांनी त्याची मोठ्या प्रमाणात लागवड सुरू केली आणि तिथून ते जगभरच्या घरांत पोचलं. कुंडीतून अलगद बाहेर काढून माती झटकली, तर खाली बटाट्यासारखे गोल, फिकट कंद दिसतात, काही लिंबाएवढे, काही मुठीएवढे. वरच्या जाड देठातही पाणीच भरलेलं असतं. त्याची पाण्याची टाकी अशी त्याच्याजवळच असते. निरोगी कंद दाबला तर टणक लागतो. कुजलेला असेल तर अंगठा आत जातो, साल सुटते आणि आंबूस वास येतो. तसं झालं तर पूर्ण झाड फेकायची घाई करू नका. स्वच्छ सुरीने मऊ भाग टणक पांढऱ्या गरापर्यंत कापून टाका, कापल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या, नव्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. एक टणक कंद वाचला तरी झाड परत उभं राहतं, फक्त त्याला महिने लागतात. झेडझेडला नवा कोंब वर्षात दोन-तीनदाच येतो, त्यामुळे ‘वाढत नाही’ म्हणून खत घालत बसू नये.

स्नेक प्लांटचंही बहुतेक तसंच, पण दोन बारकावे वेगळे. पानांच्या मधल्या पन्हाळीत, जिथे सगळी पानं एकत्र येतात, तिथे पाणी साचू द्यायचं नाही. पान बुडाशी मऊ होऊन आडवं पडतं ते बरेचदा त्यामुळे. आणि पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून लावलं तर रोप येतं, पण ते साधं हिरवं येतं, पिवळा काठ जातो. काठ हवा असेल तर मुळाशी आलेले फुटवे त्यांच्या मुळांसकट वेगळे करून लावायचे. हे झाड पानांवरची बारीक छिद्रं बहुतेक रात्री उघडतं, म्हणून उन्हाळ्यात फार पाणी गमावत नाही. त्यावरूनच ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड, बेडरूममध्ये ठेवा’ हे पसरलं आहे. बेडरूममध्ये जरूर ठेवा, दिसतं छान. पण हवा शुद्ध होईल या आशेने झाड घेऊ नका. 1989 च्या नासाच्या ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो बंद पेट्यांमधला होता. अशा प्रयोगांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की घराच्या नेहमीच्या खेळत्या हवेने जेवढं काम होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडणं सोपं. झाड घरात असावं ते त्याच्यासाठीच, त्याचं नवं पान उलगडताना पाहता यावं म्हणून.

मनीप्लांटबद्दल एकच सांगावंसं वाटतं : कापायला घाबरू नका. वेल लांब होत जातो, पानं लहान आणि दूर दूर येतात, बुडाशी नुसती दोरी उरते. हा कमी उजेडाचा निरोप आहे. कुंडी खिडकीजवळ आणायची आणि वेल पेराच्या थोडं वर कापायचा. पेर म्हणजे जिथून पान निघतं ती गाठ, तिथेच तपकिरी टोकासारखं हवाई मूळ दिसतं. दोन-तीन पेरांचा तुकडा, खालचं पान काढून, एक पेर पाण्यात बुडेल असा बाटलीत ठेवला, की दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं सुटतात. पाणी आठवड्याला बदलायचं. बोटभर मुळं झाली की तीन-चार तुकडे त्याच जुन्या कुंडीत बुडाशी खोचायचे. झाड भरगच्च होतं, पैसे लागत नाहीत. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जातीला मात्र उजेड जास्त लागतो, नाहीतर पांढरा रंग कमी होत जातो. अग्लोनेमाचंही तसंच आहे : चंदेरी-हिरवं कमी उजेडात भागवतं, लाल-गुलाबी रंगाचं नाही. रबर प्लांट मध्यम उजेडात वर्षानुवर्षं राहतं, पण जागा बदलली की रुसतं आणि खालची पानं गाळतं. त्याला एक जागा द्या आणि पंधरा दिवसांनी पानं ओल्या फडक्याने पुसा.

काही झाडं ‘इनडोअर’ म्हणून विकली जातात, पण ती सोपी नाहीत. अरेका पामला भरपूर उजेड आणि दमट हवा लागते. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याची टोकं करपतात आणि पानामागे लाल कोळी ही बारीक कीड धरते. जेडला रोज तीन-चार तास थेट ऊन हवं, हॉलच्या टीपॉयवर ते लांबुळकं, कमजोर होत जातं. कॅलेथिया सुंदर आहे, पण पहिलं झाड म्हणून घेऊ नये. आणि तुळस. फ्लॅट घेतला की पहिली कुंडी तुळशीचीच येते, येणारच. पण तुळस हे उन्हाचं झाड आहे, घराच्या आतलं नाही. जुन्या नाशिकच्या वाड्यांत ती चौकात असायची, उघड्या आभाळाखाली. तिला निदान चार तास ऊन मिळेल अशा बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवा, मंजिऱ्या येतील तशा खुडा. मंजिऱ्या राहिल्या तर ती बीजावर जाते आणि वाळते. थंडीत तिची पानं गळतात, म्हणून ती मेली असं समजून उपटू नये.

मातीकडे वळू. शेतातली काळी माती कुंडीत भरण्याचा मोह नाशिकमध्ये होतोच, कारण ती सहज मिळते आणि द्राक्षं पिकवते. कुंडीत ती चालत नाही. ओली झाली की फुगते, चिकट होते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेला फट पाडते, आणि मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. नेहमीच्या झाडांसाठी दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. स्नेक-झेडझेडसाठी वाळू-विटांचा भाग दुप्पट आणि गांडूळखत निम्मं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजवली की अर्धी बादली होते. ते वापरण्याआधी दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा पुरे. खाली खड्यांचा जाड थर देऊ नये, त्याने पाणी लवकर निथळत नाही, उलट ओलीचा पट्टा मुळांच्या जवळ येतो. कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंच मोठी, त्याहून नाही. भोक नसलेलं चिनी मातीचं भांडं आवडलं असेल तर झाड भोक असलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून ती त्यात बसवा, पाणी देताना बाहेर काढा.

नर्सरीत, मग ती गंगापूर रोडची असो की घराजवळची, सगळ्यांत मोठं रोप निवडू नका. नवं पान उलगडत असलेलं, खोड न हलणारं, मध्यम रोप घ्या. पान उलटून पाहा : कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. द्राक्षबागायतदारांना हा शब्द सांगावा लागत नाही. पिशवी खालून दाबून पाहा. घट्ट चिकणमातीचा गोळा लागला, तर पाणी त्यात शिरायला आणि निघायला दोन्हीकडून त्रास होणार, हे धरून चाला. घरी आणलं की लगेच कुंडी बदलू नका. दोन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा, कीड असेल तर तेवढ्यात दिसते, मग माती बदला. खरेदीला जून-जुलै सगळ्यांत चांगला. डिसेंबरात घेतलेलं झाड फेब्रुवारीपर्यंत नुसतं बसून राहतं.

नाशिकची थंडी गंभीरपणे घ्या. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या आसपास आलं, की अग्लोनेमाच्या पानांवर पाणी मुरल्यासारखे राखाडी डाग पडतात. डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतली घरझाडं संध्याकाळी आत घ्या, पाणी सकाळी दहा-अकराला द्या, टाकीतलं पहाटेचं गार पाणी नको. स्नेक-झेडझेडला महिन्यातून एकदा पुरतं. पावसाळ्यात माती सुकतच नाही, वरून चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडायला लागतात. त्यांची अळी ओल्या कोकोपीटमध्ये वाढते. औषधापेक्षा वरचे दोन इंच सुकू देणं आणि पिवळा चिकट सापळा लावणं जास्त कामाचं. पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, नंतर आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. आधी एकाच पानावर करून दोन दिवस थांबा.

बोअरच्या पाण्यावर असाल, तर मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर चढलेला दिसेल आणि स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतील. रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतं, क्षार उडत नाहीत. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर अजिबात घालू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा, एसीच्या नळीतलं पाणीही चालतं.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल, तर मनीप्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, पीस लिली, झेडझेड आणि विशेषतः डिफेनबेकिया हाताच्या उंचीवर नको. पानांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यावर तोंड आणि जीभ सुजते. अशा घरात स्पायडर प्लांट घ्यावं.

दिवाळीत आठ-दहा दिवस गावी जाणार असाल, तर निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पोटभर पाणी द्या, ताटल्या रिकाम्या करा, कुंड्या खिडकीपासून तीन-चार फूट आत एकत्र ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हवेत एवढं पुरतं. मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी जाणार असाल, तर शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यावी लागेल. तेव्हा पाणी हवं असलेल्या कुंड्या वेगळ्या काढून ओट्याजवळ ठेवा, आणि स्नेक प्लांट, झेडझेड आतल्या खोलीत नेऊन ते दार लावून घ्या.